बैलाचा डावा, उंदराचा डावा

उंदीर डावरा आहे की उजवा, हे मोजायचं काम मी केलेलं आहे. सांगितलं की लोक हसतात. हसू द्यावं. मीही पहिल्या दिवशी हसलोच होतो.

पण हे लिहायला बसलो ते हसवायला नाही. माझ्या थोरल्या भावाच्या लेकीचा डावा हात या कामात अडकला. ती आता मोठी आहे. लिहू का, म्हणून तिला विचारलं, तर तिनं मान हलवली. तोंडानं हो म्हणाली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, प्राणिशास्त्र घेऊन, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान होता, आजही आहे. लपवत नाही. डोंगरकड्याच्या बसथांब्यावर उतरून आमच्या गावाकडं चालत निघालो की वाटेत भेटणारी माणसं मला 'काय म्हणतंय कॉलेज' असं विचारायची, आणि मी उत्तर द्यायला जरा थांबायचो, म्हणजे त्यांना अजून एकदा विचारावं लागायचं. असा होतो मी.

हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता. शहराबाहेर माळावर एक नवं औषधनिर्माण कॉलेज निघालं होतं, तिथं मला प्रयोगशाळा सहायकाची जागा मिळाली. इमारतीच्या मागं पत्र्याची एक लांब खोली होती. तिला प्राणीघर म्हणत. आत दोन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर पिंजरे, पिंजऱ्यात भुसा आणि भुशात पांढरे उंदीर, लाल डोळ्यांचे. माणूस आत शिरला की खसखस एकदम थांबायची. चोवीस उंदीर आपल्याकडं बघताहेत हे पाठीला कळायचं.

पुण्याकडचे एक सर तिथं शिकवायचे आणि सोबत पीएच.डी. करायचे. त्यांचा विषय असा, की माणसासारखाच उंदीरही एक हात जास्त चालवतो. तो कोणता, हे आधी मोजायचं. मग तो हात अडवायचा आणि काय होतं ते बघायचं. सर हुशार होते, बोलायलाही चांगले, पण उंदरांच्या वासानं त्यांना शिंकांची माळ लागायची आणि डोळे सुजायचे. त्यामुळं ते दार उघडून उंबऱ्यावर उभे राहायचे, नाकाला रुमाल लावून, आणि तिथूनच वही मागायचे. आत आम्ही दोघंच. मी आणि चाचा.

चाचा पिंजरे धुवायचे. साठीचे असतील. आधी ते नालबंद होते, बैलांच्या खुरांना नाल मारायचे. गावोगाव ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, आणि चाचा हातोडा ठेवून उंदरांकडं आले. "पहले बैल गिराता था, अब चूहे उठाता हूँ," असं ते स्वतःच म्हणायचे आणि हसायचे. मला 'साब' म्हणायचे. त्यात थोडी थट्टा होती, पण मला साब ऐकायला आवडायचं म्हणून मी थट्टेकडं लक्ष दिलं नाही.

मोजायची रीत सोपी होती. उंदराला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायचं. पिंजऱ्याला पुढून काच, काचेला एक भोक, भोकात बोटभर रुंदीची काचेची नळी, आणि नळीच्या आत खाद्याचा चुरा. नळीत तोंड जात नाही. दोन्ही पंजे एकदम जात नाहीत. एकच पंजा घालून ओढून काढावं लागतं. मी समोर स्टुलावर बसायचो, मांडीवर वही. त्यानं पंजा घातला की एक खूण. डावा असेल तर डाव्या रकान्यात, उजवा असेल तर उजव्या. पन्नास खुणा झाल्या की उंदीर बदलायचा.

पहिल्या पाच-सात खुणांतच कळून यायचं. ज्याचा जो हात, त्याचा तो हात. उपाशी जनावराला विचार करायला वेळ नसतो, जो हात आधी येतो तो त्याचा खरा. शेपटीवर मार्करनं रेघा मारून आम्ही उंदीर ओळखायचो. तीन रेघांची एक मादी होती, तिनं पन्नासच्या पन्नास वेळा एकच पंजा घातला होता. मी वहीत लिहिलं, डावरी. आणि मला आमच्या घरची डावरी आठवली.

डावं-उजवं मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. चालायला लागल्यापासून औताच्या मागं चाललेला माणूस मी. ते माझ्या अंगात मुरलेलं होतं. सरांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "डावा पंजा, उजवा पंजा यात गोंधळ होणार नाही ना?" मला राग आला होता. मी म्हणालो, "सर, मी शेतकऱ्याचा पोरगा आहे."

तीन रेघांचीचा पिंजरा धुताना चाचा एकदा म्हणाले, "साब, ये तो सीधे हात की है." सीधा म्हणजे उजवा.

"डावरी आहे चाचा. पन्नास वेळा मोजलंय."

"मेरे कू तो सीधा दिखता."

"तुम्ही मागून बघता. तुम्हाला उलटं दिसत असेल."

चाचांनी पिंजरा फळीवर सरकवला. "वही में लिखा है तो होगा," म्हणाले, आणि बादली उचलून बाहेर गेले.

*

घरची डावरी सहा वर्षांची होती. भाकरीचा तुकडा डाव्या हातानं मोडायची, चिंचेला दगड डाव्या हातानं मारायची आणि तो बसायचाही. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. मी रविवारी घरी गेलो की पायातली चप्पल काढायच्या आत सुरू. काका, उंदीर पांढरे काहून? काका, त्याइला नावं हायत का? काका, ते रातच्याला काय करतेत? एका उत्तराच्या मधी दुसरा प्रश्न. मी म्हणायचो, थांब की जरा. ती म्हणायची, थांबले, आता सांग.

तिचा डावा हात माझ्या मायच्या डोळ्यात खुपायचा. घेणं-देणं, निवद दाखवणं, कुंकू लावणं, सगळं उजव्यानं करायचं असतं, आणि हे लेकरू देवाच्या ताटात डावा हात घालून राहिलं. येत्या जूनमध्ये शाळेत घालायचं होतं. गावातल्या शाळेत डाव्या हातानं पेन्सिल धरली तर छडी ठरलेली.

"बांधावा लागतो हात," माय म्हणाली. "महिना-दोन महिने बांधला की आपसूक वळण लागतंय. माझ्या बहिणीचा तर उलथण्यानं डागला व्हता. आठ दिसात उजवी झाली."

ती मावशी मी बघितलेली होती. कार्याला यायची, एका कडेला बसायची. डावा हात कायम पदराखाली. तिला काही विचारलं की पहिला शब्द तिच्या ओठावर अडकायचा, आणि आम्ही पोरं तिच्यामागं तिची नक्कल करायचो. मला ती लाजाळू वाटायची. हात आणि शब्द या दोन गोष्टी मी तेव्हा जोडल्या नाहीत.

वैनी चुलीपुढून म्हणाली, "खाऊ द्या की जशी खाती तशी. पोटातच जातंय न्हवं?"

"तुला काय कळतंय त्यातलं," माय म्हणाली. "उद्या सासरची म्हनतील, मायनं काय शिकवलं?"

दादा दोघींच्या मधे सापडला की माझ्याकडं बघायचा. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. मी शिकावं म्हणून त्यानं सातवीतून शाळा सोडली होती. तो म्हणाला, "तू शिकलेला हायस. तू म्हनशील तसं करू."

घरात कुणी मला असं विचारलं की माझी छाती जरा पुढं यायची. मी म्हणालो, "आमच्याकडं याच गोष्टीचा प्रयोग चालू आहे. चालता हात अडवला तर काय होतं, तेच बघायचंय. निकाल येऊ दे, मग सांगतो."

दादा मोठ्यानं हसला. "आता उंदराला इचारून लेकराचं ठरवायचं व्हय?"

माय हसली नाही. जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडून तिनं घडी घातली आणि खुंटीला अडकवली. "इचार तुझ्या उंदराला. तवर थांबते मी."

पुढचे कितीतरी रविवार ती पट्टी तिथंच होती. जेवताना समोर दिसायची. पोरगी तिच्याकडं बघायची नाही.

*

फेब्रुवारीत दुसरा टप्पा सुरू झाला. वहीत ज्याचा जो पंजा चालता लिहिलेला, तो चिकटपट्टीनं गुंडाळायचा. बोटं झाकली की तो पंजा नळीत जात नाही. उंदीर दुसरा पंजा घालायला शिकतो का, खाणं सोडतो का, वजन किती उतरतं, हे बघायचं.

मी उंदीर असा धरायचो, की त्याची पाठ माझ्या छातीकडं, तोंड पुढं. तसा धरला म्हणजे चावत नाही. चाचा पट्टी कापून द्यायचे. मी वहीत बघायचो, डावा, आणि डावा पंजा गुंडाळायचो.

तीन रेघांचीची पाळी आली तेव्हा चाचांनी कापलेली पट्टी हातातच ठेवली.

"द्या की."

"साब, खाली हात बांध रहे तुम. चलता हात छोड रहे." खाली म्हणजे रिकामा, न चालणारा.

उंबऱ्यावर सर उभे होते. त्यांनी ऐकलं असतं तर माझं काय राहिलं असतं? मी हळू आवाजात म्हणालो, "चाचा, हे शास्त्र आहे. नाल मारणं नाही."

चाचांनी पट्टी दिली. त्यानंतर दोन-तीन आठवडे ते मला साब म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत.

निकाल मात्र बघण्यासारखा आला. आता कोणता पंजा हे लिहायचंच नव्हतं, एकच तर मोकळा होता. फक्त किती वेळा घातला ते मोजायचं. आणि उंदरांनी पहिल्याच दिवशी घातला! जणू काही झालंच नाही. धडाधड चुरा ओढून खाल्ला. चाचपडणं नाही, अडखळणं नाही. रोज तराजूत बसवायचो, वजन आहे तेवढंच. एखाददुसरा उंदीर तेवढा पट्टीशी झगडला, बाकी सगळे खुशाल.

सर उंबऱ्यावरून वही चाळत म्हणाले, "कमाल आहे. मला वाटलं होतं आठवडाभर तरी उपाशी राहतील. म्हणजे चालता हात अडवला तर जनावराला काहीच वाटत नाही! आपण उगाच बाऊ करतो सवयीचा." मग रुमालातून म्हणाले, "मोजणी मात्र तुमची एक नंबर."

त्या शनिवारी मी पहिल्या गाडीनं घरी गेलो.

दुपारची जेवणं झाली होती. मी सगळ्यांपुढं सांगितलं, की बांधा, काही होत नाही, आम्ही चोवीस उंदरांचे हात बांधून बघितले, एकाचंही वजन उतरलं नाही. माय म्हणाली, "मी काय येगळं म्हनत व्हते?" वैनी ताटं उचलून मोरीकडं गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली.

पट्टी मीच बांधली. दुसऱ्या कुणी आवळून बांधली असती म्हणून मी बांधली, असं मी स्वतःला सांगत आलो. मनगटाला एक वेढा, मग हात पाठीमागं नेऊन कमरेला. वासराच्या गळ्यात घालतो तशी गाठ, ओढली तरी आवळत नाही अशी.

पोरगी उभी राहिली निमूट. मग म्हणाली, "काका, हात बांधल्यावर उंदीर रडलं का?"

"न्हाई."

"एक बी न्हाई?"

"एक बी न्हाई."

"मग मी बी न्हाई रडणार," ती म्हणाली.

आणि रडली नाही.

*

पहिल्या रविवारी तिनं मला उजव्या हातानं भाकरी खाऊन दाखवली. अर्धी अंगावर सांडली, पण दाखवली. माय कौतुकानं बघत होती. रोज सकाळी तोंड धुतलं की पट्टी बांधायची आणि निजताना सोडायची, असं घरात ठरून गेलं होतं.

दुसऱ्या रविवारी ती दारात आली नाही. मी चप्पल काढली, हातपाय धुतले, चहा झाला, तरी एकही प्रश्न नाही. भिंतीला पाठ लावून बसली होती. मी विचारलं, "काय गं, आज उंदराची चौकशी न्हाई?" तर नुसतं बघितलं.

तिसऱ्या रविवारी तिनं मला हाक मारली. "का… का… का… काका."

आम्ही सगळे हसलो. काकाच तो, जरा लांबला एवढंच. दादा म्हणाला, "चार काका हायत का तुला?" पोरगीही हसली, पण हसताना तिनं तोंडावर हात घेतला, उजवा.

वैनी हसली नाही. मी निघालो तेव्हा पाणंदीपर्यंत माझ्यामागं आली. वैनी कधी अशी येत नसे.

"भावजी, लेकरू बोलत न्हाई आजकाल."

"शाळेची धास्ती असंल."

"शाळा जूनला हाय. झोपंत अंथरून वलं करून राहिली. तीन वरसांपासून न्हवतं केलं."

मी तिला काय सांगितलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. म्हणालो, "वैनी, उंदरांचं वजनसुद्धा उतरलं नाही."

वैनी म्हणाली, "उंदराला बोलता येत असतं तर बरं झालं असतं," आणि मागं फिरली.

*

मार्चमध्ये ऊन तापलं. सरांना पट्ट्या काढून शेवटची एक मोजणी हवी होती. पहिल्यासारखीच, कोणता पंजा ते लिहायची. दुपारी समोरच्या खिडकीतून ऊन थेट पिंजऱ्याच्या काचेवर यायचं आणि आतलं काही दिसायचं नाही. नुसती चकाकी. मी दोन दिवस डोळे बारीक करून बघितलं, मग कंटाळून स्टूल उचललं आणि पिंजऱ्याच्या मागं टाकलं. मागची जाळी होती, तिथून स्वच्छ दिसत होतं. उंदराची पाठ माझ्याकडं, त्याचं तोंड नळीकडं.

तीन रेघांची आली. पंजा घातला. उजवा.

मी थांबलो. परत घातला. उजवा. दहा वेळा, वीस वेळा, उजवाच. वही उघडली. डावरी, पन्नास. मला वाटलं, बांधल्यामुळं वळण लागलं. सर म्हणाले तसं. आनंद झाला मला, खोटं कशाला सांगू? घरच्या पोरीचंही असंच होणार.

दुसरा उंदीर घेतला. वहीत उजवा, आज डावा. तिसरा, तोही उलटा. चौथा. पाचवा.

सहावाही उलटा. एक-दोन बदलले असते तर वळण म्हटलं असतं. सगळे कसे बदलतील?

चाचा बादली घेऊन उभे होते. कधीपासून, माहीत नाही. त्यांनी बादली खाली ठेवली, तीन रेघांचीला मानेला धरून उचललं आणि आपल्या तळहातावर उताणं पाडलं, बैल पाडायचे तसं. तिचे चारी पाय वर. त्यांनी एका पंजाला बोट लावलं.

"ये उसका सीधा हात. तुम्हारा नक्को देखो. उसका देखो."

मी बघितलं. मग स्टूल उचलून परत काचेसमोर गेलो, डोळ्यांवर आडवा हात धरून बसलो. उंदीर माझ्याकडं तोंड करून होता. त्यानं पंजा घातला. तो पंजा माझ्या डाव्या हाताकडं होता. आणि तो त्याचा उजवा होता.

चोवीस उंदीर, आणि प्रत्येकाचं मी उलटं लिहिलं होतं.

हे कसं झालं हे दुसऱ्या कुणाला सांगून पटणार नाही, पण औतामागं चाललेल्याला पटेल. औतावर माणूस बैलांच्या मागं असतो. माझं तोंड तिकडं, बैलाचं तोंड तिकडं. डाव्या अंगाचा तांबडा माझ्याही डाव्याच हाताला. माझा डावा तोच बैलाचा डावा, हे मी चालायला लागल्यापासून धरून चाललो. बैलाच्या समोर उभं राहून कुणी डावं-उजवं म्हणत नाही. तशी वेळच येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी जनावराच्या समोर बसून त्याचा हात लिहिला आणि सवयीनं माझाच हात लिहिला. नालबंदाचं तसं नसतं. त्याला जनावर आडवं पाडावं लागतं. आडव्या जनावराला माणसाचं डावं-उजवं लागू होत नाही, त्याचं त्यालाच असतं.

आणि पट्टी बांधताना मी उंदराची पाठ छातीकडं घेतली होती. तिथं माझा डावा आणि त्याचा डावा एक झाला होता. म्हणजे मी प्रत्येकाचा रिकामा हात बांधला आणि चालता मोकळा सोडला. ते खुशाल खाणारच. त्यांचं अडलंच काय होतं?

घरी मात्र मी बरोबर हात बांधला होता.

मी चाचांना म्हणालो, "पट्टी कापा." तीन रेघांचीचा खरा पंजा गुंडाळला, उजवा, आणि तिला नळीपुढं सोडलं. तिनं गुंडाळलेला पंजा नळीवर मारला. परत मारला. मग ती एका जागी गोल फिरायला लागली. समोर चुरा दिसत होता, दुसरा हात मोकळा होता, तरी तिला तो हात म्हणून सुचत नव्हता. थोड्या वेळानं कोपऱ्यात जाऊन पट्टी कुरतडायला बसली. मी समोरच होतो. पांढऱ्या पट्टीवर लाल ठिपका आला. पट्टी फाटली तरी ती थांबली नाही, आतलं बोट कुरतडत राहिली. डोळे माझ्याकडं.

चाचांनी तिला माझ्यापुढून उचललं आणि पट्टी काढली. "बस," म्हणाले. "जाव तुम." घरच्या पोरीचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडावरच दिसलं असेल काहीतरी.

सर स्टाफरूममध्ये होते. मी उभ्या उभ्या सांगितलं, की डावं-उजवं उलटं लिहिलं गेलंय, सगळं, आणि चूक माझी आहे. हे बोलताना माझी जीभ कशी झाली होती ते मलाच माहीत. सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "निकाल मी पुढं पाठवलाय हो." मी विचारलं, "आता?" म्हणाले, "बघू." पुढं त्यांनी काय बघितलं, कळवलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्या दिवशी तर मला गाडी पकडायची होती.

*

नांदेड गाडी कळमनुरीला थांबली, बाळापूरला थांबली, मधी कुणी हात केला तिथंही थांबली. माझ्या डोळ्यापुढं तो लाल ठिपका. लेकरू पट्टी तर कुरतडत नसेल? मनगट? डोंगरकड्याला उतरून मी चालत नव्हतो, पळत होतो, आणि वाटेत भेटलेल्या माणसानं 'काय म्हणतंय कॉलेज' विचारलं त्याला उत्तर दिलं नाही.

लांबूनच धूर दिसला. आमच्या शेतात हळद शिजत होती. मोठी कढई चुलवणावर, वाफ वर चढलेली, आणि वाफेत माणसं आत-बाहेर करताना दिसत होती. एक हात बांधलेलं लेकरू आणि उकळती कढई. तोल गेला तर धरायला हात नाही. हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. शिकलेला माणूस मी.

ती कढईपासून दूर होती. शिजलेल्या हळदीच्या ढिगाजवळ एकटी बसून उजव्या हातानं गाठी वेगळ्या करत होती. हळू, एकेक. जवळ गेलो तरी बोलली नाही. मी मागं बसून पट्टीची गाठ सोडली. मनगट धड होतं, नुसता एक वळ. पण मी तिचे दोन्ही हात पुढं आणले आणि मला ते बघवले नाहीत. हळदीच्या दिवसांत आमच्याकडं सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे असतात. तिचा उजवा पिवळा होता. डावा पांढरा, कोरा, जणू दुसऱ्याच कुणाचा.

माय धावत आली. "आता कुठं वळन लागाय लागलं न् सोडून राहिलास व्हय?"

"माय, मी चुकलो. उंदराचा रिकामा हात बांधला व्हता मी. चालता मोकळाच होता."

"म्हंजी?" दादानं कढईतलं फावडं बाजूला ठेवलं.

मी सांगितलं. त्याला दोन वाक्यांत कळलं. सरांना इतक्या लवकर कळलं नव्हतं.

"तू बैलाच्या तोंडाम्होरं बसून डावा-उजवा लिवला?"

"व्हय."

"एवढं शिकून…" तो म्हणाला, आणि लेकीकडं बघून पुढचं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

वैनी वाफेतून आली, पदरानं तोंड पुसत. तिच्याकडं बघायची मला हिंमत झाली नाही.

मी खिशातून फुटाण्यांची पुडी काढली. पाण्याचा तांब्या रिकामा केला, अरुंद तोंडाचा होता, त्यात फुटाणे टाकले आणि पोरीपुढं ठेवला. लेकराचा एकच हात मावेल असा. मी समोर बसलो होतो. दुसरं काही मला येत नव्हतं.

तिचा डावा खांदा हलला. पांढरा हात उठला, अर्ध्या वाटेपर्यंत आला. तिथं थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं, मायकडं बघितलं. मग तो हात आपोआप मागं गेला, पाठीशी, कमरेवर जिथं गाठ असायची तिथं, आणि तिथंच राहिला. बांधलेलं काही नव्हतं.

माय एकदम खाली बसली. तिला पदराखालचा कुणाचा हात आठवला ते मला विचारावं लागलं नाही.

मी पोरीच्या समोरून उठलो. तिच्या शेजारी जाऊन बसलो, तिचं तोंड जिकडं तिकडंच माझं तोंड करून, म्हणजे तिचा डावा तोच माझा डावा. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं तांब्यात घातली, चार फुटाणे काढले आणि खाल्ले. डाव्या हातानं, मायसमोर.

"आता तू," मी म्हणालो.

"का…" ती म्हणाली. पुढचं आलं नाही. या वेळी कुणी हसलं नाही.

कढई उकळत होती. मी मनातल्या मनात मोजायला लागलो. दुसरं काय करणार? पन्नास झाले. हात मागंच होता.